‘व उपास’

१

गुलाब मास्तरांच्या हस्तलिखितात दोन शब्द जास्तीचे निघाले, आणि ते त्यांच्याच अक्षरात होते.

साक्षी वडशाच्या घरी वडिलांच्या टेबलाशी बसून मार्कच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय तपासत होती. मास्तर, म्हणजे तिचे वडील, जाऊन वीस दिवस झाले होते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून चौदा वर्षं त्यांनी एकच काम धरलं होतं. मार्क इथल्या झाडीबोलीत आणायचा, आणि तोही थेट ग्रीकवरून. आता पुस्तक छापायला निघालं होतं. येत्या रविवारी चर्चच्या मंडळीत प्रकाशन होतं. साक्षी वरोऱ्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. शेवटची नजर तिनं घालायची आणि शंका आली की वडिलांना विचारायचं, असं ठरलं होतं. शंका आता आली होती.

अध्यायातली गोष्ट सगळ्यांना ठाऊक असलेली. झटके येणाऱ्या पोराला बाप घेऊन येतो, शिष्यांच्यानं काही होत नाही, येशू पोराला बरं करतो. आम्हाला का जमलं नाही, असं शिष्य विचारतात. त्यावरचं उत्तर मास्तरांनी असं उतरवलं होतं: ‘असलं भूत प्रार्थनेबिगर निंगत नाई.’ आता ‘प्रार्थने’च्या पुढे एक खूण होती, आणि वर, ओळीला सोडून तिरपं गेलेलं, थरथरतं अक्षर: ‘व उपास’.

या दोन शब्दांवरून मास्तरांनी अर्धं आयुष्य भांडण केलं होतं. त्यांचं म्हणणं साधं होतं. सर्वांत जुन्या ज्या दोन मोठ्या प्रती आज हाताशी आहेत, त्यांना अभ्यासक आलेफ आणि बी म्हणतात. त्या दोन्हींत उपासाचा शब्द मुळात नाही. पुढं उपासाला मानणाऱ्या नकलाकारांनी तो घातला आणि मग सगळीकडे पसरला. यावरून मंडळीतली दोन घरं त्यांच्याशी बोलायची बंद झाली. मास्तर देवाचा शब्द कापतात, असं लोक म्हणत. मास्तर म्हणत, मी कापत नाही, चिकटलेलं काढतो.

समासात तारीख होती, मरणाच्या चार दिवस आधीची, सोमवारची. खाली लिहिलं होतं: ‘आलेफ, बी, दोन्हींत के निस्तिया. माझी चूक होती.’ के निस्तिया म्हणजे ग्रीकमध्ये ‘आणि उपास’.

साक्षीनं चष्मा काढला. शुक्रवारी सकाळी मास्तर खुर्चीतच गेलेले सापडले होते. डॉक्टर म्हणाले होते, इन्सुलिन नेहमीचं घेतलंय आणि पोटात अन्न नाही, साखर तळाला गेली. ते कोणालाच पटलं नव्हतं, कारण ताटं रोज स्वच्छ होऊन परत येत होती, असं आई शपथेवर सांगत होती. आता पटत होतं. मास्तरांनी उपास केला होता.

तिनं संगणकावर आधीच उतरवून ठेवलेली त्या जुन्या प्रतींची छायाचित्रं उघडली. बीमध्ये शब्द नव्हताच. आलेफमध्येही ओळीत नव्हता. कोणी तरी पुष्कळ नंतर तो समासात लिहिला होता.

मास्तर चुकलेले नव्हते. आणि वर्षभरापासून त्यांना स्वतःच्या हाताची बोटंसुद्धा नीट दिसत नव्हती. कोणी तरी त्यांना खोटं वाचून दाखवलं होतं.

२

वडशात ग्रीक वाचणारा माणूस एकच होता. पाळक प्रणित एकोणिसाव्या वर्षी याच टेबलाशी बसून ती लिपी शिकला होता, मग धर्मशिक्षण घेऊन आला आणि मंडळीचा पाळक झाला. मास्तरांची नजर गेली तेव्हा रोज येऊन वाचून दाखवीन, असं त्यानं भर मंडळीत सांगितलं होतं.

दुपारी तो चर्चच्या व्हरांड्यात खुर्च्या मोजत होता. साक्षीताईंना पाहून त्यानं स्वतः खुर्ची पुसून दिली. दोन शब्दांची गोष्ट काढताच त्याचा चेहरा उजळला. टाइप केलेलं पान त्यानं पाहिलं होतं. रविवारी तो हेच सांगणार होता, की एवढा विद्वान माणूस शेवटी नमला.

साक्षीनं विचारलं, सगळ्यात जुन्या प्रतींत शब्द नाही हे तुला माहीत आहे ना. त्यानं मान डोलावली. मग म्हणाला, सोळाशे वर्षं मंडळीनं तो शब्द वाचला, हजारो प्रतींत तो आहे, दोन प्रतींसाठी हजारांना खोटं पाडायचं का. त्यावर मास्तरांचं उत्तर साक्षीला पाठ होतं. एका चुकलेल्या प्रतीवरून हजार नकला उतरल्या, तर साक्षीदार हजार होत नाहीत, एकच राहतो.

“ताई,” प्रणित हसून म्हणाला, “मास्तर म्हणायचे, जुनी प्रत ती खरी. मग माणसाचंही जुनंच मत खरं धरायचं का? शेवटचं नाही?”

तिनं त्याच्यासमोर मास्तरांचा ग्रीक नवा करार उघडून धरला आणि पानाच्या तळाची टीप मोठ्यानं वाचायला सांगितली. त्यानं बोट ठेवून सावकाश वाचलं: “काई नेस्तेइया. आणि उपवास.”

तिनं पुस्तक मिटलं. त्यांना हे तूच वाचून दाखवलंस का, असं विचारल्यावर प्रणितनं नजर खुर्च्यांकडे वळवली आणि म्हणाला, दुसरं कोण दाखवणार.

परत येताना वाटेत ती थांबली. त्याच्या उत्तरानं तिला दिलासा मिळायला हवा होता. चोर सापडला होता. पण त्यानं वाचलेलं आणि वडिलांनी लिहिलेलं कानाला एकसारखं लागत नव्हतं.

३

केवळराम तलावावरून जाळं खांद्यावर टाकून आला तेव्हा सूर्य कलला होता. तो ढिवर, ख्रिस्ती नव्हे. पण चौदा वर्षं मास्तरांना शब्द पुरवणारा तोच. सकाळी एकदा आणि सांजच्याला एकदा तो येऊन बसे. मास्तर विचारत, याले तुम्ही काय म्हणता, आणि तो सांगे.

साक्षीनं त्याला उपास हा शब्द विचारला. केवळराम खुलून हसला.

“तो शब्द मास्तरनं कवाच फेकला बाई. मले म्हणे, केवळराम, उपासाच्या दिवशी काय करतेस? मी म्हटलो, साबुदाना खातो, भगर खातो, शेंगदाने खातो. म्हणे, मंग हा शब्द नोको, रोजच्यापेक्षा जास्तच खाऊन राह्यला तू.”

म्हणून मास्तर सगळीकडे ‘अन्न सोडणं’ लिहीत. साक्षीनं हस्तलिखित आणून दुसरा अध्याय पाहिला. योहानाचे शिष्य अन्न सोडत होते, कर्मठ यहुदी परुशी अन्न सोडत होते. पुस्तकभर ‘उपास’ कुठेच नव्हता. फक्त त्या एका तिरप्या ओळीत होता.

 केवळराम जाळ्याची गाठ बोटांनी चाचपत होता. मग त्यानं विचारलं, ते ताटांचं तिला समजलं का.

“कोणत्या ताटांचं, केवळरामभाऊ?”

“मंगळवारी मास्तरच्या बाईनं ताट आणलं. बाई गेली, तर मास्तर म्हणे, तू जेव. बाईले सांगू नोको. सांजच्याला बी तसंच. बुधवारी, बेस्तरवारी तसंच. मले वाटलं, पोट बरं नसन, अन् बायको बोलन म्हणून लपवून राह्यले. मी पोटभर जेवलो बाई. मेथीची भाजी होती, तिखट.”

तो रडला नाही. तलावाकडे पाहत राहिला. साक्षीनं त्याला एवढंच सांगितलं, की तुम्हाला माहीत नव्हतं.

उपास करायचा तर लोकांना दिसू न देता करा, हे शुभवर्तमानातलंच सांगणं होतं, आणि मास्तर अर्धं पाळणारे नव्हते. आईला रिकामी ताटं दिसली, तिनं सुईत नेहमीइतकं इन्सुलिन भरून टोचलं. तिला उपासाचं कळतं तर तिनं सुईला हात लावला नसता. साक्षीनं मनातल्या यादीतून आईचं नाव तेव्हाच काढून टाकलं. खरं तर ते तिथं कधी घातलंच नव्हतं.

४

नजर मंदावल्यापासून मास्तर एक जाड वही ठेवत. ग्रीक शब्द कानावर पडेल तसा देवनागरीत मोठ्या अक्षरात लिहायचा आणि पुढं अर्थ. साक्षी ती वही मागून पुढे वाचत गेली.

मागच्या दिवाळीपर्यंत शांतीला ‘एइरेने’ होतं. मास्तरांनी तिला लहानपणी शिकवलेलं, प्रणितलाही शिकवलेलं. दिवाळीनंतर तोच शब्द ‘इरीनी’ झाला होता. ‘नेस्तेइया’ आधी होतं, आता ‘निस्तिया’. पानामागून पान, एकदाही गल्लत नाही. माणूस तेच अक्षर वाचत होता, पण दुसऱ्याच शाळेत शिकलेला होता.

तिनं प्रणितला फोन लावला आणि विचारलं, निस्तिया असं कोण वाचतं.

तो सहज म्हणाला, आजकालचे ग्रीक लोक तसं बोलतात, आपण नाही. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो थांबला. 

“मी दसऱ्यापासून गेलोच नाही, ताई. माझ्या आरोग्य-प्रार्थनेच्या सभेला मास्तरांनी जत्रा म्हटलं. मला लागलं ते. नंतर जायची लाज वाटली. लोक समजत होते मी जातो, मी नाही म्हटलं नाही.”

“मग त्यांना वाचून कोण दाखवत होतं?”

“मला वाटलं तुम्ही. फोनवर.”

ते उत्तर तिच्या जिव्हारी लागलं. तिनं वर्षभरात किती फोन केले, ते तिला ठाऊक होतं.

तिनं वही पुन्हा पुढे ओढली. वाचणाऱ्याची चूक झाली असेल का? टिपेत आलेफची खूण दोनदा येते. एकदा शेजारी तारका, म्हणजे मूळ लिहिणाऱ्याचा हात, आणि एकदा बारीक दोन, म्हणजे नंतर दुरुस्ती करणाऱ्याचा. तो बारीक दोन नजरेतून सुटला, तर आलेफमध्ये शब्द आहे असं वाटू शकतं. नवशिक्याला माफ करावी अशी चूक. पण बीला तारका नाही की आकडा नाही. बी सरळ शब्द नसलेल्यांच्या रांगेत उभा आहे. मास्तरांनी मात्र दोन्हींत आहे असं लिहिलं होतं, म्हणजे त्यांना दोन्हींत आहे असंच सांगितलं गेलं होतं. ती चूक नव्हती. आलेफ एकटा पुरला नसता, मास्तर दोघांची साक्ष मागत, हे त्या माणसाला चांगलं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सकाळी आफ्रीनचा फोन आला. बाजारात टायपिंगचं दुकान चालवणारी आफ्रीन वर्षभर मास्तरांची पानं टाइप करत होती. आज संध्याकाळपर्यंत फाइल नागपूरला गेली नाही तर रविवारी पुस्तक मिळणार नाही, असं ती म्हणाली. साक्षीनं पानांची ने-आण कोण करत होतं ते विचारलं.

“आंटीच तर करायच्या, दीदी. दर शनिवारी. तुमच्याकडे रेंज नाही ना, म्हणून बसून मोबाईलमध्ये व्हिडिओ उतरवून घ्यायच्या. बच्चों के गाने, अक्षरांची गाणी. मी मस्करी केली, आंटी, नातवाची तयारी का? तर नुसत्या हसल्या.”

साक्षीला मूल नव्हतं. तिला भाऊ-बहीण कोणी नव्हतं. या घरात गाणं म्हणून अक्षरं शिकण्याच्या वयाचं कोणी नव्हतं.

५

साक्षीची आई कुंता मागच्या ओसरीत सुपात लाखोळीची डाळ निवडत होती. शुक्रवार असल्यामुळे चूल थंड होती. दर शुक्रवारी ती पाण्याशिवाय काही घेत नसे, साक्षीला आठवतं तेव्हापासून.

साक्षी शेजारी बसली. ग्रीक नवा करार सुपाच्या कडेला ठेवला आणि पहिल्याच ओळीतल्या एका अक्षरावर बोट टेकवलं. ते अक्षर या घरात थट्टेचा विषय होतं. मास्तर लेकीला आल्फा, बेटा, गामा शिकवत, तेव्हा कुंता चुलीपासून ओरडायची, आल्फानंतर बेटाच काऊन, बेटी काऊन नाई.

“आई, हे कोणतं अक्षर?”

कुंतानं पाहिलं. डाळीतून हात काढला नाही.

“वीटा,” ती म्हणाली.

आणि लगेच तिला कळलं. तिची बोटं सुपात थांबली. समोरच्या घरी कुकरची शिट्टी झाली, मग दुसरी झाली.

नंतर तिनं आपणहूनच सांगितलं, फारसं न थांबता. प्रणित यायचा बंद झाला. मास्तर दिवसभर मिटल्या पुस्तकावर हात ठेवून बसत. तिला ते पाहवेना. तिनं आधीच चोरून अक्षरं गिरवायला घेतली होती, फोनवरच्या परदेशी पोरांच्या गाण्यांवरून. दिवाळीच्या पाडव्याला तिनं पहिली ओळ वाचून दाखवली, तेव्हा मास्तरांनी तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचायला लावली. म्हातारपणी बायको ग्रीक वाचते म्हणून लोक हसतील, म्हणून तिनं कोणाला सांगू दिलं नाही. लेकीलाही नाही. खुणा, तारका, आकडे मास्तरांनीच समजावून दिले. सहा महिने तिनं एक अक्षर खोटं वाचलं नव्हतं.

“मग त्या ओळीवरच काऊन?” साक्षीनं विचारलं. वडशाची बोली तिच्या तोंडी बऱ्याच वर्षांनी आली होती.

“तू सहा वर्षाची होती. तुले झटके येत होते, तोंडाले फेस येत होता. ते तुले दवाखान्यात घेऊन जायचे, गोळ्या द्यायचे. मी शुक्रवार धरला. तीन वर्षानं बंद झाले झटके.” तिनं सूप बाजूला केलं. “मी त्याईले म्हटलं, पाहा, बायबलमधी आहे तसंच झालं. तर ते पुस्तक काढून बसले. म्हणे, तो शब्द तिथी नाई, कुंता. नंतर घातला कोणीतरी. तीस वर्ष मी उपाशी राह्यली, अन् माह्या घरचा माणूस सांगते का तो शब्द नाई.”

साक्षीनं ग्रीक पुस्तक मिटून मांडीवर घेतलं.

“त्या सोमवारी तेच पान आलं. मले दिसत होतं खाली, काय लिवलं आहे ते. आलेफ, वीटा, दोघंबी नाई म्हणत होते. मी म्हटलं, दोघंबी आहे म्हणतेत. दोन वेळा विचारलं त्याईनं. दोन्ही वेळा मी तेच सांगितलं.”

“त्यांनी काय म्हटलं?”

“माह्या डोक्यावर हात ठेवला. म्हणे, तुह्यावर अन्याय झाला माह्या हातून. मंग पेन मागितला.” कुंतानं डाळीचे हात पदराला पुसले. “मले वाटलं, लिहितीन अन् गप्प राह्यतीन. उपास धरतीन असं मनातबी नाई आलं. अन् मी सुई टोचत राह्यली.”

आता साक्षीला तो शब्द तिथं कसा आला ते समजलं. चौदा वर्षं टाळलेला, साबुदाण्याचा म्हणून हसून फेकलेला शब्द मास्तरांनी मुद्दाम घेतला होता. प्रणित ‘उपवास’ म्हणे, केवळरामचा ‘उपास’ भरल्या पोटाचा होता. हा कोरडा, शुक्रवारचा ‘उपास’ फक्त आईच्या तोंडचा होता. त्यांनी तिचा शब्द तिला परत केला होता, आणि तीन दिवस तो पाळून पाहिला होता.

तिला आईची कीव यायला हवी होती. आत खोल कुठे तरी ती येतही असेल. पण वर आलं ते वेगळंच होतं. डोळे गेलेल्या माणसानं दोन वेळा विचारलं होतं. जगात त्याच्याजवळ एकच जोडी डोळे उरले होते, आणि त्यांनी दोन्ही वेळा त्याला खोटं सांगितलं होतं. त्यात साक्षीच्याच जिवाचं कारण होतं, हे तर तिला मुळीच नको होतं.

६

टेबलावर ते पान पसरलं होतं. कुंता दारात उभी होती.

खोडू नको, असं ती म्हणत होती. त्या माणसाच्या हातचं ते शेवटचं अक्षर आहे. त्यानंतर त्यांनी काही लिहिलेलं नाही. साक्षीलाही ते दिसत होतं. वडिलांचं ऐकायचं तर वडिलांचा शेवटचा शब्द काढायचा होता, आणि तो राहू द्यायचा तर त्यांची चौदा वर्षं खोटी ठरत होती. रविवारी प्रणित मंडळीपुढं उभा राहून सांगणार होता की मास्तर नमले. लोक माना डोलावणार होते. आणि एखादी बाई घरच्या आजारी माणसाचं ताट बाजूला सारणार होती, पुस्तकात लिहिलंय म्हणून.

साक्षीनं पान खोडलं नाही. घडी न घालता ते वहीत ठेवलं. मग आफ्रीनला फोन लावून टेबलावर ठेवला. घरात रेंज तेवढ्या कोपऱ्यातच यायची, आणि आवाज मोठा केल्याशिवाय ऐकू येत नसे.

“नऊ, एकोणतीस,” ती म्हणाली. “‘व उपास’ काढून टाक. आधी होतं तसं ठेव.”

आफ्रीननं विचारलं, नक्की ना, कारण आता फाइल पाठवते. साक्षी हो म्हणाली. पलीकडे बटणांचा आवाज आला.

“झालं, दीदी. पण पास्टर विचारतील. त्यांनी ते पान पाहिलंय. मास्तरांनी स्वतः लिहिलेलं का काढलं म्हणतील. काय सांगू?”

“सांग, मास्तरांनी मत बदललं नव्हतं. त्यांना चुकीचं वाचून दाखवलं.”

“कोणी?”

 साक्षीला नाव घेता आलं असतं, आणि टाळताही आलं असतं. दोन्ही तिच्या जिभेवर होतं. खिडकीबाहेर रेल्वेफाटकाशी गाड्या तुंबल्या होत्या.

“दीदी? कोणी वाचून दाखवलं?”

“मीनं,” दारातून कुंता म्हणाली. फोनपर्यंत पोचावं म्हणून तिनं पुन्हा, जरा मोठ्यानं सांगितलं. “मीनं, आफ्रीन. पास्टरले सांग, रविवारी मी येतो.”

साक्षीनं फोन बंद केला. साक्षी आत ये म्हणेल म्हणून आई उंबऱ्यावरच उभी होती. साक्षीनं दहावा अध्याय उघडला आणि मान वर न करता वाचायला लागली.